सारखी आच

१. दोन प्रश्न

खांदा कॉलनीला लागून कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. दक्षिण मुंबईत दाटीवाटीने चालणारा लोखंडाचा घाऊक व्यापार हलवण्यासाठी सिडकोने तो वसवला. साखळ्यांनी जखडलेल्या पत्र्याच्या कॉइल वाहणारे ट्रेलर इथल्या शाळकरी पोरांनाही ओळखीचे. असा पत्रा जिथे बनतो, त्यातलं एक ठिकाण फार लांब नाही. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की सुमारे ४० किलोमीटरवर, पेण तालुक्यात वडखळजवळ डोलवीचा पोलाद कारखाना लागतो. तो आधी इस्पात कंपनीचा होता, २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला, आणि पुढच्या दशकात त्याची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. तिथल्या पहिल्या कोक प्रकल्पाच्या कंपनीचं नाव शेजारच्या नदीवरून पडलं : अंबा रिव्हर कोक.

या नावातल्या ‘कोक’ शब्दापाशी सामान्य वाचक अडखळतो, आणि दोन प्रश्न विचारतो. दगडी कोळसा आहेच, तो सरळ भट्टीत का टाकत नाहीत, आधी भाजून त्याचा कोक कशाला करतात? आणि भाजायचाच, तर आच वाढवून काम झटपट का उरकत नाहीत, १८-२० तास कशाला घालवतात? पहिल्याचं उत्तर थोडक्यात आटोपतं. लोखंड वितळवणारी झोतभट्टी खूप उंच असते. तिच्यात खनिज आणि इंधन थरावर थर रचलेलं असतं, आणि खालून गरम हवेचा झोत वर चढत असतो. दगडी कोळसा तापला की मऊ पडतो, चुरतो, आणि हवेची वाट बुजवतो. कोक तापूनही कडक राहतो. वरचा भार पेलतो, फटींतून हवा जाऊ देतो, शिवाय जळतो आणि खनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो. १७०९ मध्ये इंग्लंडात अब्राहम डार्बीने कोक वापरून लोखंड काढलं, आणि पुढे हळूहळू मोठ्या झोतभट्टीला कोकवाचून चालेनासं झालं. दुसरा प्रश्न मात्र साधा दिसतो तेवढा साधा नाही, आणि हे सगळं प्रकरण त्याच्यासाठीच आहे.

२. मडकं आणि जाळ

रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर वालाच्या शेंगा भरायच्या, तोंड पाल्यानेच गच्च करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. जाळ शेंगांना शिवत नाही, आच मडक्याच्या भिंतीतून आत जाते. जाळ एकाच अंगाला भडकला तर तिकडच्या शेंगा करपतात, पलीकडच्या कच्च्या राहतात, आणि मडकं उघडेपर्यंत हे कोणाला कळत नाही. कोक ओव्हनचं तत्त्व हेच आहे आणि दुखणंही हेच. कोळशाला हवा लागू द्यायची नाही, कारण हवा लागली की तो पेटून राख होईल. त्याला फक्त भिंतीमार्फत तापवायचं.

मडक्याच्या जागी इथे उभी, अरुंद, विटांची खोली असते. लांबी १२ ते १८ मीटर, उंची ४ ते ८ मीटर आणि रुंदी जेमतेम अर्धा मीटर. अशा कित्येक खोल्या एका ओळीत, मधे एकेक तापणारी भिंत ठेवून बांधतात. त्या ओळीला बॅटरी म्हणतात. भिंत भरीव नसते. तिच्या पोटात उभे पोकळ मार्ग असतात, त्यांना फ्लू म्हणतात. एका भिंतीत साधारण ३०. गॅस या फ्लूंमध्ये जळतो आणि तिथलं तापमान बहुतेक १,१५० ते १,३५० अंश सेल्सिअस असतं. खोलीत कोळसा भरून दोन्ही टोकांची दारं बंद केली की त्यातून सुटणारा गॅस आणि डांबर वरच्या नळीतून निघून जातं. कोक तयार झाला की दोन्ही दारं काढतात, एका बाजूने पुशर मशीनचा लांब दांडा आत शिरतो आणि सगळा लालबुंद कोक एका दमात पलीकडे ढकलतो. दांड्याकडची ती पुशर साइड, कोक बाहेर पडतो ती कोक साइड. एक टन कोळशातून साधारण पाऊण टन कोक मिळतो. बाकीचं गॅस, डांबर आणि पाणी होऊन जातं.

३. भिंतीकडून मध्याकडे

कोळसा उष्णता फार सावकाश पुढे सरकवतो, ही सगळ्या गोष्टीची मेख आहे. भिंतीला टेकलेला थर ३५० अंशांच्या पुढे गेला की मऊ आणि चिकट होतो, गॅस सोडू लागतो, फुगतो. ५०० च्या आसपास तो पुन्हा घट्ट होतो. हा चिकट थर दोन्ही भिंतींकडून एकाच वेळी मध्याकडे सरकत जातो. त्याच्या मागे अर्धवट कोक, पुढे अजून ओला, काळा कोळसा. खोलीच्या रुंदीतलं तासाला सुमारे २५ मिलिमीटर काम उरकतं, असा कामगारांचा जुना ठोकताळा आहे. खोली ४५० मिलिमीटर रुंद असेल तर ४५० भागिले २५, म्हणजे १८ तास. दोन्हीकडचे थर मधोमध भेटणं आणि नंतर मधला भाग १,००० अंशांच्या आसपास पोचणं, दोन्ही या १८ तासांत येतं.

मग आच वाढवली तर? वेळ कमी होतो, हे खरं आहे. मागणी वाढली की कारखाने मर्यादेत राहून तसं करतातही. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. घट्ट होणारा कोक आक्रसत असतो. भिंतीकडचा भाग आणि मधला भाग यांच्या तापमानात मोठी तफावत पडली की त्याला जास्त भेगा जातात आणि बाहेर येताना त्याचे बारीक तुकडे होतात. झोतभट्टीला हवा जाऊ देणारे दणकट ढेकळं हवी असताना हातात चुरा येतो. दुसरं, फार तापलेल्या खोलीत कोळशातून निघणारा गॅस विघटन पावतो आणि भिंतींवर, छतावर कार्बनची पुटं चढतात. त्यांनी खोली आवळली की कोक ढकलताना अडकतो. तिसरं, भिंतीची वीट. सिलिकाची वीट १,३०० अंश बिनबोभाट सोसते, पण फ्लूचं तापमान १,४५० च्या पलीकडे गेलं की गॅसबरोबर आलेली धूळ विटेशी संयोग पावून तिला वितळवू लागते. तेव्हा आच वाढवायला वरची मर्यादा आहे. घाई करण्याची मुभा जेवढी वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे.

४. सरासरी फसवते

खरी अडचण मात्र आच किती, ही नाहीच. ती किती सारखी पोचते, ही आहे. एक हिशेब करून पाहा. भिंतीत ३० फ्लू आहेत. २८ फ्लू १,३०० अंशांवर आहेत, दोन फ्लूंचे गॅसचे मार्ग अर्धवट बुजल्यामुळे ते १,१५० वर आहेत. सरासरी येते १,२९०. दहा अंशांचा फरक कागदावर क्षुल्लक. पण त्या दोन फ्लूंसमोरचा कोळसा सरासरी खात नाही. त्याला १,१५० चीच आच मिळते. १८ तासांनी दारं उघडली की बाकी सगळा कोक तयार, आणि मधे एक उभा पट्टा कच्चा. तयार कोक आक्रसून भिंतीपासून सुटलेला असतो. कच्चा पट्टा भिंतीला धरून बसतो. पुशरचा दांडा त्याला रेटतो, जोर भिंतीवर येतो. एका अडलेल्या ढकलीने विटांचे सांधे हलतात, सांध्यांतून कोळशाचा गॅस फ्लूमध्ये गळतो, फ्लूमध्ये काजळी धरते आणि तो आणखी थंड पडतो. पुढच्या खेपेला कच्चा पट्टा आणखी रुंद. म्हणून तीस फ्लूंची भिंत तिच्यातल्या सर्वांत वाईट फ्लूइतकीच चांगली असते.

‘सारखी’ याचा अर्थ सगळीकडे एकच तापमान, असा मात्र घेऊ नये. दांड्याला कोक सहज ढकलता यावा म्हणून खोली कोक साइडकडे किंचित रुंद ठेवतात. पुशर साइडला ४२५ मिलिमीटर आणि कोक साइडला ४७५ असेल, तर आपल्या ठोकताळ्याने एका टोकाला १७ तास लागतील आणि दुसऱ्याला १९. दोन्ही टोकं एकाच वेळी तयार व्हायला हवीत, म्हणून कोक साइडच्या फ्लूंना मुद्दाम ४०-६० अंश जास्त आच देतात. दारांजवळच्या शेवटच्या फ्लूंमधून उष्णता बाहेर झिरपते, त्यांनाही जास्त गॅस सोडावा लागतो. उंचीचंही तेच. गॅस फ्लूच्या तळाशी भडकून जळाला तर खाली करपतं आणि वर कच्चं राहतं. म्हणून जळून गेलेला थोडा धूर पुन्हा ज्वाळेत मिसळतात, किंवा हवा दोन-तीन उंचींवरून सोडतात, म्हणजे ज्वाळ लांब आणि मवाळ होते. वेगवेगळ्या जागी वेगवेगळं तापमान ठेवायचं, ते सगळा कोळसा एकाच क्षणी तयार व्हावा यासाठी. आच सारखी म्हणायची ती या अर्थाने.

हे कळतं कसं? बॅटरीच्या छतावर प्रत्येक फ्लूला झाकण असतं. ते उघडून पायरोमीटर खाली रोखला की तळाच्या विटेचा उजेड मोजून तापमान वाचता येतं. प्रत्येक भिंतीतला पुशर साइडचा एक आणि कोक साइडचा एक असे ठरलेले फ्लू दर पाळीला वाचतात. काही दिवसांच्या अंतराने एकेक भिंत पूर्ण, पहिल्या फ्लूपासून शेवटच्यापर्यंत वाचतात. आकडे आलेखावर मांडले की टोकं सोडून पुशर साइडकडून कोक साइडकडे चढत जाणारी सरळ रेषा यायला हवी. मधेच खाच दिसली की तिथे गॅसचं नोझल तुंबलेलं आहे, विटेचा तुकडा पडलाय किंवा हवा कमी पडते आहे. इथे वाचक म्हणेल, की हे काम संगणकावर का सोपवत नाहीत? एक भाग सोपवलेलाच आहे. बॅटरीला एकूण किती गॅस द्यायचा, कधी काही मिनिटं थांबायचं, हे संगणक चांगलं ठरवतो. नळीतून जाणाऱ्या कोळशाच्या गॅसचं तापमान शिखराला जाऊन उतरू लागलं की कोक होत आला, एवढी खूण त्याला पुरते. पण हजाराहून जास्त फ्लूंमध्ये १,३०० अंशांना कायमचे टिकणारे तापमापक बसवणं परवडत नाही, आणि तुंबलेलं नोझल संगणक मोकळं करू शकत नाही. एकूण आच यंत्राने सांभाळली, तरी तिची वाटणी छतावर उन्हात आणि धगीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्याच हाती राहते. कारखान्यांच्या माहितीपत्रकांत या माणसाचा उल्लेख क्वचितच सापडतो.

छतावरच्या या वाचनाशी आरोग्याचाही थेट संबंध आहे. पूर्ण भाजलेला कोक ढकलताना ज्वाळा आणि झगझगीत उजेड दिसतो. कच्चा ढकलला तर काळा-पिवळा धूर लोळत बाहेर येतो. त्यात बेंझीन आणि डांबरातली विषारी द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोकनिर्मितीच्या कामाला कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात घातलं आहे. धूर खेचून गाळणारी यंत्रणा बसवावीच लागते, पण धूर निर्माणच होऊ न देणं हे आधी फ्लूंच्या आलेखावर ठरतं.

५. आपल्याच गॅसवर तापणारी

भट्टी तापवायला गॅस कुठला? बहुतेक वेळा तिचाच. एक टन कोळशातून साधारण ३२० घनमीटर गॅस निघतो. त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन आणि चौथा हिस्सा मिथेन असतो, आणि एका घनमीटरात सुमारे ४,२०० किलोकॅलरी असतात. म्हणजे टनामागे साडेतेरा लाख किलोकॅलरी. तेवढा कोळसा भाजायला सुमारे ६ लाख लागतात, तेव्हा निम्म्याहून कमी गॅस स्वतःसाठी पुरतो. झोतभट्टीतून निघणारा वायू ओव्हन तापवायला वापरला तर हाही वाचतो. त्यात घनमीटरला ८०० किलोकॅलरीच असल्याने टनाला १४३ ऐवजी ७५० घनमीटर जाळावा लागतो, पण त्याची ज्वाळ मवाळ आणि लांब असल्याने उंचीतली आच उलट जास्त सारखी होते. वाचलेला गॅस इतरत्र कामी येतो. डोलवीत तो स्पंज आयर्न बनवतानाही वापरला जातो.

सहा लाखांत भागतं, याचं श्रेय जमिनीलगतच्या जाळीदार विटांच्या कोठारांना आहे. एका वेळी भिंतीतले निम्मे फ्लू जळतात आणि उरलेल्या निम्म्यांतून धूर खाली उतरतो. उतरताना तो या विटा तापवून जातो. २० किंवा ३० मिनिटांनी दिशा उलटते : तापलेल्या विटांतून आता थंड हवा वर चढते आणि हजार अंशांच्या आसपास तापून फ्लूपर्यंत पोचते, धूर दुसऱ्या कोठारातून उतरतो. याला रिव्हर्सल म्हणतात. बॅटरीच्या आयुष्यात हे अक्षरशः लाखो वेळा घडतं. त्यामुळे धुराड्याकडे जाणारा धूर जेमतेम २५०-३५० अंशांचा उरतो. फ्लूचं तापमान रिव्हर्सलनंतर ठरलेल्याच मिनिटाला का वाचायचं, हेही इथे उलगडतं. मिनिटामिनिटाला ते उतरत असतं, आणि वाचनाची वेळ चुकली तर दोन फ्लूंची तुलनाच होऊ शकत नाही.

कोळशाचा ओलावा हा या हिशेबातला छुपा ग्राहक. २५ टनांच्या एका भरणीत ओलावा ९ टक्क्यांवरून १२ वर गेला तर ७५० किलो पाणी वाढलं. ते नुसतं उकळून वाफ व्हायलाच साडेचार लाखांहून अधिक किलोकॅलरी खातं, म्हणजे पाऊण टन कोळसा भाजण्याइतकी उष्णता. आपल्याकडचा बहुतेक कोकिंग कोळसा ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतून जहाजाने येतो आणि उघड्यावर साठतो. कोकणातल्या पावसाळ्यात कालच्या आणि आजच्या भरणीत एवढा फरक पडणं अशक्य नाही. तेव्हा कोळशाचा ओलावा ठरावीक पातळीवर धरून ठेवणं हाही आच सांभाळण्याचाच भाग.

गोव्यात डिचोली तालुक्यात आमोणे येथे सेसा कंपनीने वेगळी रीत धरली. तिथल्या भट्ट्यांची खोली बुटकी आणि रुंद. कोळशातून निघालेला गॅस गोळा न करता तिथेच, कोळशाच्या वर आणि तळाखालच्या मार्गांत जाळतात, आणि उरलेल्या धगीवर वाफ करून वीज काढतात. या पद्धतीत भट्टीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून दारांतून गॅस गळत नाही. आच सांभाळायची ती आत किती हवा शिरू द्यायची, एवढ्यावर. वेळ मात्र दोन दिवस किंवा त्याहून जास्त. कोणती रीत चांगली, हा वाद घालणारे बहुधा आपापल्या गॅसचं काय करायचं हे आधीच ठरवून बसलेले असतात. पोलाद कारखान्याला गॅस हवा असतो, नुसता कोक विकणाऱ्याला वीज पुरते.

कोकबरोबर बाहेर जाणारी धग हा शेवटचा खर्च. हजार अंशांच्या कोकवर पाणी ओतलं की ती वाफ होऊन आकाशात जाते. डोलवीसारख्या ठिकाणी आता कोरडी पद्धत आहे : बंद मनोऱ्यात नायट्रोजन फिरवून कोक निववायचा आणि तो तापलेला वायू बॉयलरमध्ये नेऊन वाफ आणि वीज करायची.

६. शेजाऱ्यांचा क्रम

खोल्या १, २, ३ अशा ओळीने का रिकाम्या करत नाहीत? मधली भिंत दोन खोल्यांना मिळून तापवते. नुकती भरलेली खोली भिंतीतून भरमसाट उष्णता ओढते. दोन शेजारी एकदमच भरले तर मधल्या भिंतीची दमछाक होते. शिवाय फुगणाऱ्या कोळशाचा रेटा भिंतीवर येतो आणि पलीकडे भरलेली खोली नसेल तर तिला आधार उरत नाही. म्हणून १, ६, ११, १६ असा क्रम शेवटपर्यंत चालतो. मग ३, ८, १३. मग ५, १०, १५. त्यानंतर २, ७, १२. शेवटी ४, ९, १४. यात कोणतीही खोली निघते तेव्हा तिचे दोन्ही शेजारी भाजण्याच्या मधल्या टप्प्यात असतात. ६० खोल्यांच्या बॅटरीत १८ तासांचं चक्र असेल तर दर १८ मिनिटांनी एक खोली. एखादं मशीन तासभर बंद पडलं की तीन खोल्या ठरल्या वेळेपेक्षा जास्त भाजल्या जातात, आणि ती उशिराची रांग पुढे कित्येक पाळ्या सरकत राहते. वेळापत्रक चुकवून आच सारखी ठेवता येत नाही.

७. न विझणारी

एक प्रश्न उरतोच : मागणी नसेल तेव्हा भट्टी बंद का करत नाहीत? उत्तर विटेत आहे. सिलिकाच्या विटेतले स्फटिक तापताना रूप बदलतात आणि फुगतात, आणि हे सगळं जवळपास ६०० अंशांच्या आतच उरकतं. म्हणून नवी बॅटरी पहिल्यांदा तापवताना दोन-अडीच महिने घेतात, दिवसाला थोडेथोडेच अंश चढवतात. ६०० च्या वर मात्र ही वीट जवळजवळ हलत नाही. थंड, ओला कोळसा भिंतीला भिडून तिचं तापमान एकदम कित्येकशे अंशांनी उतरलं तरी ती सोसते. हाच गुण पाहून तिची निवड होते. पण एकदा ६०० च्या खाली घसरली की स्फटिक उलटे फिरतात, विटा आक्रसतात, सांधे उघडतात, आणि पुन्हा तापवली तरी पहिल्यासारखी बसत नाही.

म्हणून कमी कोक हवा असेल तेव्हा आच विझवत नाहीत, चक्र लांबवतात. १८ तासांचे २४ केले की ६० खोल्यांच्या बॅटरीत दर २४ मिनिटांनी एक खोली निघते, फ्लूंचं तापमान उतरवलं जातं, पण भिंत ६०० च्या बरीच वर राहते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा केंद्राच्या आदेशात अखंड चालणाऱ्या उद्योगांना राज्याच्या परवानगीने चालू राहण्याची सवलत ठेवली होती. भट्टी बंद करण्याचं नुकसान काही आठवड्यांच्या उत्पादनाचं नसतं. ती अख्खीच गमवावी लागण्याची भीती असते.

पुढे हायड्रोजनने लोखंड निघू लागलं की कोक ओव्हन आपोआप जातील, असं म्हणणाऱ्यांनी हा विटेचा हिशेब मांडायला हवा. नीट सांभाळलेली, सारख्या आचेची बॅटरी २५ ते ४० वर्षं चालते. हयगयीने चालवलेली त्याच्या कितीतरी आधी ढासळते. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य २०७० चं ठेवलं आहे. या दशकात पेटवलेली बॅटरी, तिचे फ्लू रोज वाचले गेले तर, २०५५ किंवा २०६५ पर्यंत जळत राहील. तिला त्याआधी विझवायचं म्हणजे तिची उरलेली वर्षं कोणाच्या तरी खात्यावर तोटा म्हणून लिहायची, आणि तो कोणी सोसायचा याचा करार भट्टी पेटवण्याआधीच व्हायला हवा.